प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर : डॉ. कमलाबाई सोहोनी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बंगळूरशी ऋणानुबंध असलेल्या एखाद्या मराठी व्यक्तीचे चरित्र असावे, असे ठरले तेव्हा पहिले नाव अर्थातच शहाजीराजांचे निघाले. परंतु राजांच्या येथील जहागिरीविषयी आपल्या मंडळींनी इतके वाचले आणि ऐकले आहे, की त्यात आम्ही नवी भर ती काय घालणार? म्हणून आम्ही जरा अलीकडच्या काळाकडे वळलो. मल्लेश्वरमहून यशवंतपूरकडे जाताना ज्या विस्तीर्ण, झाडीने वेढलेल्या आवाराच्या कडेने आपण नित्य जातो, आणि ज्याला जुने बंगळूरकर अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारी 1933 साली एक बावीस वर्षांची मराठी मुलगी येऊन उभी राहिली. तिला आत घेण्यास नकार मिळाला. नकार देणारा पुरुष साधासुधा नव्हता. नोबेल पारितोषिक मिळवून तीनच वर्षे झालेले सर चंद्रशेखर वेंकट रामन त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते, आणि त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होते. संस्थेच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याला आता त्यांचेच नाव आहे.

ती मुलगी म्हणजे कमला भागवत, पुढच्या डॉ. कमलाबाई सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. दुर्गाबाईंचे नाव मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. 1975 च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या दिवसांत त्यांनी दाखविलेला ताठ कणा अजूनही लोकांच्या स्मरणात आहे. कमलाबाईंचे नाव मात्र विज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाही. भागवतांच्या घरातला कणा दोघी बहिणींना सारखाच मिळाला होता, हे पुढील हकिकतीवरून दिसेलच.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या याच संस्थेत शिकलेले. 1909 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. म्हैसूर संस्थानाने दिलेली 371 एकर जमीन आणि जमशेटजी टाटांचे दान यांतून उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाच्या गोष्टी मुलीने घरात लहानपणापासून ऐकल्या असणार. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्यांनी मिळविली, तीही गुणवत्ता यादीत अग्रक्रमाने. तेव्हा वडील आणि काका जेथे शिकले तेथेच आपण संशोधन करावे, ही इच्छा त्यांच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक होती. गुणपत्रिकेचा निकष लावला असता तर अर्ज फेटाळण्यास जागाच नव्हती. परंतु मुलींना संस्थेत घ्यायचे नाही, संशोधन हे स्त्रियांच्या कुवतीतले काम नव्हे, अशी रामन यांची धारणा होती.

यावर दुसरी एखादी मुलगी घरी परतली असती. तो काळ सत्याग्रहाचा होता, आणि कमलाबाईंच्या मनावर गांधीजींच्या विचारांचा खोल ठसा होता. त्यांनी रामन यांच्या कार्यालयाच्या दारी ठाण मांडले. नकाराचे कारण सांगा, एवढीच त्यांची मागणी. स्त्री असणे हे कारण त्यांना मान्य नव्हते आणि दुसरे कारण संचालकांपाशी नव्हते. अखेर रामन नमले; पण पुरते नमले नाहीत. त्यांनी तीन अटी घातल्या. पहिल्या वर्षी कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. त्यांचे काम समाधानकारक वाटले तरच पुढे विचार होईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही, त्यांना काम करावे लागेल. आणि तिसरी अट अशी, की त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे तेथील पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये.

या तिसऱ्या अटीपाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. पहिल्या दोन अटी कडक आहेत, पण निदान त्यांचा संबंध कामाशी आहे. कष्टाळू माणूस त्या पाळून दाखवू शकतो. तिसरी अट पाळायची कशी? कोणा तरुणाचे लक्ष परीक्षानळीवरून ढळले, तर त्याचा दोष त्या नळीशी काम करणाऱ्या तरुणाकडे न जाता खोलीच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून बसलेल्या मुलीकडे जाणार. उद्या कोणाच्या मनात प्रीतीचा अंकुर फुटलाच, तर संस्था सोडावी लागणार ती तिलाच. पुरुष विद्यार्थ्यांवर अशी कोणतीही अट नव्हती. आणि संशोधन हे एकट्याने दार लावून करायचे काम नसते. शेजारच्या टेबलावर काय चालले आहे ते विचारावे, आपला फसलेला प्रयोग दुसऱ्याला दाखवावा, चहाच्या वेळी वाद घालावा, यांतूनच ते पुढे सरकते. जिच्या प्रत्येक बोलण्याकडे संशयाने पाहिले जाणार, तिला ही सोबत कोठून मिळणार? पुढे 1940 साली रामन यांच्या हाताखाली हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर काम करण्यास आलेल्या ॲना मणी यांनीही सांगितले आहे, की स्त्री आणि पुरुष सहकाऱ्यांनी मोकळेपणाने एकमेकांशी बोलणे रामन यांना रुचत नसे. कमलाबाईंनी अपमान गिळला आणि अटी मान्य केल्या. आत जाण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

त्यांचे भाग्य असे, की मार्गदर्शक म्हणून त्यांना श्री. श्रीनिवासय्या लाभले. ते अत्यंत कडक शिस्तीचे, परंतु शिकणाऱ्याला हातचे राखून न शिकविणारे. त्यांनी कमलाबाईंना विषयातील मूळ ग्रंथ वाचावयास लावले आणि परदेशातील त्या त्या विषयाच्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करण्याची सवय लावली. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा कमलाबाईंचा विषय ठरला. आपल्या देशातील बहुसंख्य जनतेला प्रथिने मिळतात ती वरणातून आणि उसळीतून. तेव्हा या विषयाची निवड देशाच्या गरजेला धरूनच होती. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला, आणि संस्थेचे दार त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींसाठीही उघडले. 1936 साली या संशोधनावर मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी त्यांना मिळाली. रामन यांच्या थोर कीर्तीला उणेपणा आणावा असा आमचा हेतू नाही. ज्यांनी एका मुलीला नाकारले, त्यांनीच पुढे स्वतःच्या हाताखाली मुलींना घेतले, हेही नमूद करणे न्याय्य होईल.

त्या मुलींपैकी एकीची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ललिता दोरैस्वामी ही मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेली हुशार मुलगी. तेथेच तिच्या एक वर्ष पुढे असलेल्या विद्यार्थ्याशी तिचा परिचय झाला. तो विद्यार्थी म्हणजे खुद्द रामन यांचा पुतण्या, सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. तो केंब्रिजला ताऱ्यांचे गणित मांडीत असता ललिता बंगळूरला येऊन रामन यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागली. सप्टेंबर 1936 मध्ये दोघांचा विवाह झाला, वडीलधाऱ्यांनी ठरविलेला नव्हे तर एकमेकांनी पसंत केलेला. आणि ललिताबाईंचे संशोधन तेथेच थांबले. चंद्रशेखरांना 1983 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ललिताबाईंनी त्यांचा संसार फार मायेने केला, आपण काही गमावले अशी तक्रार केली नाही, असे म्हणतात. त्यावर आपण काय बोलावे? परंतु एकाच विषयाची आवड असलेल्या दोघांपैकी टेबल सोडावयाचे ते कोणी, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलाही नसेल, एवढे मात्र आम्हांला खास वाटते. आज आपल्या मंडळातील कितीतरी घरांत पतिपत्नी एकाच कंपनीत, कधी एकाच मजल्यावर काम करतात. बढतीची किंवा परदेशी जाण्याची संधी दोघांपुढे एकदम आली, की हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर येऊन बसतो, आणि त्याचे उत्तर बहुधा ठरलेलेच असते. असो.

एम. एस्सी. नंतर शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई 1937 साली केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम कॉलेजात नाव आणि सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र संस्थेत काम. हॉपकिन्स हे जीवनसत्त्वांच्या शोधासाठी 1929 चे नोबेल मिळविलेले. कीर्तीत ते रामन यांच्याहून कमी नव्हते. पण स्त्रियांना प्रयोगशाळेत घेण्याच्या बाबतीत त्यांची रीत उलट होती. त्यांच्या संस्थेत त्या काळी दुसरीकडे कोठे दिसणार नाहीत इतक्या स्त्रिया संशोधन करीत होत्या, आणि त्यांच्यावर वातावरणाच्या अटी नव्हत्या. बंगळूरहून आलेल्या मुलीला हा मोकळा वारा किती सुखावून गेला असेल!

तरीही केंब्रिज म्हणजे स्वर्ग नव्हे. हॉपकिन्स यांच्याच संस्थेत डोरोथी मॉयल आणि जोसेफ नीडहॅम हे दोघे संशोधक एकत्र काम करीत असता 1924 साली विवाहबद्ध झाले होते. दोघेही एकाच शास्त्रातले, दोघेही तोलामोलाचे. रॉयल सोसायटीने जोसेफ यांना 1941 साली आणि डोरोथी यांना 1948 साली सभासदत्व दिले. परंतु जोसेफ यांना विद्यापीठात पक्के पद होते, आणि स्नायूंच्या रसायनावर आयुष्यभर मूलगामी काम करणाऱ्या डोरोथीबाई मात्र तात्पुरत्या अनुदानांवर वर्षे काढीत राहिल्या. नवऱ्याला पगार आहे, मग पत्नीला पदाची गरज काय, असा तो हिशेब. ज्या वर्षी कमलाबाई तेथे गेल्या, त्याच 1937 साली चीनमधून लू ग्वे-जेन ही तरुणी डोरोथीबाईंच्या हाताखाली काम करण्यास आली. जोसेफ आणि ती यांच्यात प्रेम जडले; तिच्यामुळे त्यांना चिनी भाषेचा ध्यास लागला आणि त्यातून चीनमधील विज्ञानाच्या इतिहासाचा त्यांचा प्रचंड ग्रंथ उभा राहिला. डोरोथीबाईंना हे सारे ठाऊक होते. त्या 1987 साली निवर्तल्यावर, 1989 मध्ये, त्या दोघांनी विवाह केला. तिघांचे हे विलक्षण नाते निंदेने किंवा कौतुकाने उडवून लावण्यासारखे नाही. अशा गुंतागुंतीतही तिघांचे काम चालू राहिले, हे मात्र खरे. बंगळूरच्या तिसऱ्या अटीने ज्याची धास्ती घेतली होती ते केंब्रिजला खरोखरच घडले, आणि प्रयोगशाळा काही बंद पडली नाही.

कमलाबाईंनी तेथे प्रथम डॉ. डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. हिल हे वनस्पतींच्या पेशींचे जाणकार. बटाट्याच्या पेशींवर प्रयोग करीत असता कमलाबाईंना सायटोक्रोम-सी या द्रव्याचे अस्तित्व आढळले. प्राण्यांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या पेशींत श्वसनाच्या क्रियेला हातभार लावणारे हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही तेच कार्य करते, असे त्यांनी दाखविले. सारे काम अवघ्या चौदा महिन्यांत झाले आणि प्रबंध भरला टंकलिखित चाळीस पानांचा. ज्यांचे प्रबंध चारशे पानांचे होतात त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा! 1939 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट जानकी अम्माळ यांनी 1931 सालीच मिळविली होती. विज्ञानातील केंब्रिजची पीएच. डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रीचा मान कमलाबाईंचा. गंमत अशी, की त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवीची नुसती उपाधी देई. पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी आणि तिचे हक्क तेथील स्त्रियांना 1948 साली मिळाले.

परदेशात राहणे कमलाबाईंच्या मनात नव्हते. 1939 सालीच त्या परत आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. तेथून त्या निलगिरीवरील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. उटीला जाताना आपण ज्या कुन्नूरला चहा घेतो, तेच हे गाव. ही प्रयोगशाळा 1958 साली हैदराबादला हलविण्यात आली आणि तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. जीवनसत्त्वांवर कमलाबाईंचे काम तेथे चांगले चालले होते. पण वरच्या पायरीचा मार्ग त्यांना स्पष्ट दिसेना. हुद्दा मोठा, शिक्षण केंब्रिजचे, आणि पुढे मात्र धुके. नोकरी सोडावी असे विचार त्यांच्या मनात येऊ लागले.

याच सुमारास श्री. मा. वि. सोहोनी यांच्याकडून विवाहाचा प्रस्ताव आला. ते व्यवसायाने ॲक्चुअरी, म्हणजे आयुर्विम्याच्या हिशेबाचे गणिती. 1947 साली विवाह झाला, कुन्नूरची जागा सुटली आणि कमलाबाई मुंबईस आल्या. त्या वेळी त्यांचे वय छत्तीसच्या घरात होते. आपल्याकडील त्या काळच्या रिवाजाने लग्नाचे वय केव्हाच उलटून गेले होते. थोरल्या भगिनी दुर्गाबाई तर अविवाहितच राहिल्या. विवाहासाठी करिअर सोडले असे कमलाबाईंविषयी म्हणावे, की करिअरची वाट खुंटली म्हणून विवाहाचा विचार केला असे म्हणावे? आमच्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असाव्यात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एवढेच दिसले असेल, की अखेर बाई संसाराला लागल्या. पतीचे क्षेत्र निराळे होते. एका टेबलासाठी, एका खुर्चीसाठी दोघांत स्पर्धा होण्याचा प्रश्न या घरात उद्भवला नाही. स्पर्धा घराबाहेर वाट पाहत होती.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, फोर्ट भागातील त्या देखण्या दगडी वास्तूत, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली आणि कमलाबाईंची तीवर निवड झाली. बंगळूरला हाती घेतलेला कडधान्यांचा विषय त्यांनी येथे विद्यार्थ्यांसह पुन्हा उचलला. बंगळूरकरांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. थंडी पडू लागली की येथील बाजारात ज्या अवरेकाईच्या राशी लागतात, आणि ज्यांच्या जवळच्या भावंडांना आपण वाल किंवा पावटे म्हणतो, त्या शेंगांच्या दाण्यांत प्रथिने भरपूर असूनही कच्चे दाणे अंगी लागत नाहीत. याचे कारण त्यांत ट्रिप्सिन या पाचकरसाला रोखून धरणारे द्रव्य असते. 1955 साली कमलाबाईंनी आपल्या सहकाऱ्यासह हे द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढले आणि ते काम ‘नेचर’ या जगद्विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवूनच खाण्याचा आपल्या आज्यांचा आग्रह अनाठायी नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचे दुसरे मोठे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडवर्गीय झाडांच्या या आंबण्यापूर्वीच्या रसाचे पोषणमूल्य तपासले. त्यात जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात असल्याचे दिसून आले. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेची जोड दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला लाभला.

एवढे सारे पदरी असता संस्थेचे संचालकपद चालून यावयास हवे होते. ते चार वर्षे आले नाही. पात्रतेचा प्रश्न नव्हता, ज्येष्ठतेचाही नव्हता; त्या खुर्चीवर स्त्री बसावी हेच विद्वानांच्या त्या जगाला पचत नव्हते. बंगळूरच्या दारात नकार तोंडावर मिळाला होता. सत्याग्रह करावयास दार तरी समोर होते. मुंबईत समोरासमोर नकार देणारा कोणी नव्हता. नेमणूक नुसती लांबत राहिली, आणि लांबणीवर पडलेल्या गोष्टीपुढे ठिय्या कसा मारणार? अखेर त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी स्त्री आल्याचे ऐकून केंब्रिजचे त्यांचे जुने गुरू रिक्टर यांना मोठा आनंद झाला.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत 1966 साली नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ही ग्राहकांची संस्था काढली होती. तिच्या कामात कमलाबाई उतरल्या, 1982-83 साली तिच्या अध्यक्षा झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून गृहिणींसाठी लिहू लागल्या. मसाल्यातील, दुधातील, तेलातील भेसळ ओळखावी कशी, हे त्या केंब्रिजच्या विद्येने पण स्वयंपाकघराच्या भाषेत सांगत.

1973 साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेने 1997 मध्ये त्यांचा गौरव केला. अशा प्रसंगी वृद्ध माणसे सहसा जुने कढ काढीत नाहीत. कमलाबाईंनी मात्र बंगळूरची गोष्ट काढली. रामन थोर शास्त्रज्ञ होते हे त्यांनी मान्य केले, पण त्यांचे मन संकुचित होते आणि स्त्री म्हणून त्यांनी आपल्याला दिलेली वागणूक आपण विसरू शकत नाही, असे त्यांनी त्या सभेत स्पष्ट सांगितले. नोबेल मिळविलेला पुरुष असा वागतो, तर इतरांकडून काय अपेक्षा करावयाची, हा त्यांचा रोख होता. चौसष्ट वर्षांनंतरही ते शल्य तसेच ताजे होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांनी पुढे त्यांना सत्कारासाठी दिल्लीला आमंत्रित केले. सभागृह भरलेले होते आणि एका स्त्रीच्या हातून, एका वैज्ञानिक परिषदेच्या वतीने, हा सत्कार होत होता. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात, 28 जून 1998 रोजी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.